उजवेमामा आणि पासलीचा ढोल

मामांशी बोलायचं तर उजव्या बाजूनं. डावीकडून हाक मारली, की ते भिंतीसारखे ढिम्म. भोरच्या बाजारपेठेत त्यांच्याबरोबर चालणारा माणूस चुकून डावीकडे गेला, तर मामा मध्येच थांबत, अर्धी गिरकी घेत, त्याला उजव्या हाताला घेत आणि मग गप्पा पुढं चालू. एसटीत त्यांना डावीकडचीच खिडकी लागायची, म्हणजे शेजारचा आपोआप उजवीकडे. पंगतीत ते डाव्या टोकाला बसत. नव्या माणसाला त्यांचं पहिलं वाक्य "उजवीकडून बोला" हेच असे, त्यामुळे सगळा भोर तालुका त्यांना उजवेमामा म्हणायचा. एकदा तर त्यांच्या घरी "श्री. उजवे व परिवार" असं लिहिलेली लग्नपत्रिका आली होती आणि मामांनी ती कौतुकानं कपाटाच्या काचेला लावून ठेवली होती.

मी भोरमध्ये लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. पिठाच्या गिरणीवरची एक खोली, एक संगणक आणि दिवसभर खालून घरघर. मामांचा साऊंडचा धंदा होता. मंडपात दोन खोके उभे करायचे, माईक लावायचा, भाषणं आणि मंगलाष्टकं पार पाडायची आणि टेम्पोत सामान भरून घरी जायचं. मला कुठं चांगला आवाज रेकॉर्ड करायचा असला की मी त्यांना बोलवायची. ते माझ्या बापाच्या वयाचे, पण कामात मला कधी लहान म्हणून हिणवलं नाही. उलट काही अडलं की "हे का झालं असंल गं?" असं मलाच विचारायचे आणि मला काहीच माहीत नसायचं. आमची दोघांची जोडी म्हणजे दोन गोंधळलेल्या माणसांनी एकमेकांना रस्ता विचारण्यातला प्रकार होता.

डावा कान कशानं गेला, हेही मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मला त्यांनी सांगितलं होतं, की तरुणपणी एका मिरवणुकीत खोक्याला टेकून उभे असताना कुणीतरी आवाज एकदम सोडला. दुसऱ्या कुणाला त्यांनी लहानपणच्या तापाची गोष्ट सांगितली होती. मामींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मला इचारशील तर लग्नापासनं दोनी कान बंदच हायेत."

उरलेल्या एका कानाला मात्र ते जिवापाड जपत. फटाके वाजायला लागले की उजव्या कानावर तळहात. थंडीत मफलर बांधायचा तो फक्त एका बाजूला जाड. आणि त्यांचा हेडफोन. तो दुसऱ्या कुणाला घालायची परवानगी नव्हती. त्याच्या डाव्या वाटीतला भोंगा काढून तिथं त्यांनी कापूस भरला होता आणि दोन्ही बाजूंच्या तारा स्वतः झाळ लावून एकत्र जोडून उजव्या वाटीत आणल्या होत्या. "डाव्याचं बी उजव्यालाच ऐकू द्यायचं," ते म्हणायचे. "एका कानानं दोघांचं काम करायचं, दुसरं काय." मी हे ऐकून हसले होते आणि विसरून गेले होते.

माईक लावायला ते कायम कंजूष. "आधी एक लाव. एकानं भागलं तर दुसरा कशाला?" हे वाक्य ते चहाबरोबरच्या खारीबद्दलही म्हणत आणि माईकबद्दलही. एकच वाद्य दोन माईकनी ऐकलं, तर जवळच्या माईकला आवाज आधी पोचतो, लांबच्याला जरा मागून, आणि दोन्ही एकत्र केले की ढोल पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, हे त्यांना अनुभवानं माहीत झालेलं. त्यामुळे दुसरा माईक लावायचाच झाला, तर ते खिशातून सुतळी काढत. एक तर दोन्ही माईक वाद्यापासून अगदी सारख्या अंतरावर, नाहीतर दुसरा इतका लांब, की तिप्पट तरी सुतळी लागावी, म्हणजे त्याला ते वाद्य जेमतेमच ऐकू यावं. आंबवड्याच्या शाळेत लेझीम रेकॉर्ड करताना प्रमुख पाहुणे स्टेजवर ताटकळत उभे आणि मामा वाकून सुतळी मोजतायत, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. पाहुण्यांनी घसा खाकरला, पण तो डावीकडून.

एवढा सावध माणूस पासलीला फसला, आणि तोही मानापानापायी.

पासलीचे कोंडीबाआबा म्हणजे ढोलाचे मानकरी. गावची वाजवणारी पोरं कामाला पुण्यात गेलेली. जत्रेला येतात, पण हात विसरून येतात. आबांच्या मनात आलं, की आपला जुना बाज रेकॉर्ड करून पोरांच्या मोबाईलवर धाडावा, म्हणजे ती तिकडं खोलीवर सराव करतील. भात झोडून झालेलं, खळं मोकळं होतं. आम्ही मार्गासनीवरून टेम्पोनं वर चढलो तेव्हा ऊन नुकतं तापायला लागलं होतं. एक ढोल, एक ताशा, झांजा, एवढाच मेळ जमलेला.

मामांनी नेहमीप्रमाणे ढोलापुढं एक माईक ठेवला, टिपरूच्या, म्हणजे काठीच्या, बाजूला. आबांनी टिपरू खाली ठेवलं.

"हे न्हाई चालायचं," ते शांतपणे म्हणाले. "ढोलाला दोन तोंडं असत्यात. ह्ये टिपरूचं, ह्ये हाताच्या थापीचं. आमच्यात पूजेला हळद लावतो ती बी दोनी तोंडांना. एकापुढंच माईक ठिवला तर दुसरं रुसंल."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे. रुसलेल्या ढोलाचं काय करायचं, हे आमच्या दोघांच्याही शिक्षणात नव्हतं. शेवटी मामांनी दुसरा माईक काढला, सुतळीनं दोन्हीकडचं अंतर सारखं केलं, ताशा-झांजांसाठी तिसरा लांब उभा केला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. मिक्सरवरच मी टिपरू उजव्या कानाला आणि थापी डाव्या कानाला दिली, एडिटिंगमध्येही तसंच ठेवणार होते, म्हणजे ऐकणाऱ्याला ढोल गळ्यात अडकवल्यासारखा वाटेल. माझी मलाच ही कल्पना फार आवडली होती.

आबा वाजवायला लागले. मी माझ्या हेडफोनवर ऐकत होते आणि अंगावर काटा येत होता. अख्खं खळं हलत होतं. मामांनी त्यांचा हेडफोन कानावर चढवला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी हेडफोन दाबून धरला. मग काढला, परत घातला. मग मला खुणेनं उजवीकडे बोलावलं आणि विचारलं, ढोल येतोय का? मी म्हटलं, झकास येतोय, मामा. असा ढोल मी कधी ऐकलाच नाही. त्यांनी मान हलवली आणि मिक्सरकडे पाहत राहिले. वाजवून झाल्यावर आबांनी कसं झालं म्हणून विचारलं, तर "लई ब्येस" म्हणाले, पण माझी नजर चुकवून.

सामान भरून आम्ही परत निघालो. मार्गासनीला चहाला थांबलो तेव्हा ते चुकून माझ्या उजवीकडे बसले, म्हणजे मी त्यांच्या डावीकडे आले, आणि त्यांनी जागा बदलली नाही. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दोन-चार दिवसांनी मामींचा फोन आला, की हे सामान आवरायला बसलेत, तू ये. मी गेले. अंगणात खोके, तारांची वेटोळी, स्टँड, सगळं फडक्यानं पुसून ओळीनं मांडलेलं. मामा मिक्सरवर जुनी चादर पांघरत होते. मी उजवीकडे जाऊन बसले. त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी त्यांना ताशा आला, झांज आली, आबांचं खाकरणंसुद्धा आलं, पण ढोल आला नाही. नुसती टिकटिक. घुमारा म्हणून नाही. मी म्हटलं, समोर एवढा मोठा ढोल वाजत होता, तो तरी ऐकूच आला असेल ना?

"ढोल छातीला लागतोच की," ते म्हणाले. "छातीनं ऐकला का कानानं, ते मला आता कळंना झालंय. तुला झकास ऐकू आला. मला न्हाई. म्हंजी गेला बघ माजा ह्यो बी."

मी डॉक्टरकडे चला म्हटलं. त्यांनी नकार दिला. डॉक्टरांनीही गेलाय असंच सांगितलं तर, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मामी चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी काही टोमणा मारला नाही, त्यावरून मला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं. तो कान गेला, तर मामांचं काम तर जाणारच होतं, पण नातवंडांचं बोलणं, शेजारच्याचं हाक मारणं, सगळंच जाणार होतं. मला फार वाईट वाटलं.

इकडे रेकॉर्डिंग पुण्याला पोरांकडे पोचलं होतं आणि तिथं वेगळाच गोंधळ सुरू झाला. एका पोराचा फोन, की ताई, ढोल टाकायचा राहिला का? नुसता ताशाच वाजतोय. मी उघडून ऐकलं, ढोल होता. तसं कळवलं. तेवढ्यात दुसऱ्याचा, की ताई, ढोल एक नंबर आलाय, अंगात आल्यासारखं झालं. मग पहिल्याचा परत. मग पासलीवरून आबांच्या सुनेचा, की आबा म्हणत्यात माजा ढोल कुणी काढून घेतला? अर्ध्या गावाला ढोल ऐकू येत होता आणि अर्ध्याला नाही. एकाच खोलीत राहणाऱ्या दोन सख्ख्या भावांचं यावरून वाजलं, एकाच रेकॉर्डिंगवरून. मी माझा हेडफोन घालून पुन्हा पुन्हा ऐकत होते आणि ढोल दर वेळी तिथंच होता. शेवटी शेवटी तर माझ्याच डोक्यात वाजतोय की काय, अशी शंका यायला लागली.

एवढं मात्र जाणवलं, की मामांना जे झालं तेच पासलीच्या निम्म्या लोकांना झालं होतं. सगळ्यांचे कान एकदम जाणं शक्य नव्हतं. मी लॅपटॉप उचलला आणि मामांच्या घरी गेले. ते ओट्यावर भिंतीला टेकून बसलेले. खुंटीवर त्यांचा हेडफोन लटकत होता. मी न विचारता तो काढला आणि कानावर चढवला. मामांनी हात पुढं केला, पण अडवलं नाही. आता त्या हेडफोनचं करायचं तरी काय होतं त्यांना.

मी रेकॉर्डिंग लावलं. उजव्या वाटीतून ताशा आला. झांजा आल्या. आबांचं खाकरणं आलं. ढोलाच्या जागी नुसती टिकटिक.

मी त्यांच्या उजवीकडे सरकले आणि म्हटलं, "मामा, मलापण ढोल ऐकू येत नाहीये."

 मी हेडफोन त्यांना दिला, त्यांनी ऐकलं, परत माझ्याकडे दिला. "खरंच न्हाई तुला येत?" त्यांनी विचारलं. मी आईची शपथ घेतली. आपल्याला ऐकू येत नाही, हे सांगितल्यावर एखाद्याला इतका आनंद झालेला मी आयुष्यात एकदाच पाहिला. त्यांनी मामींना हाक मारली आणि "अगं, हिला बी येत न्हाई" असं तीनदा सांगितलं. मामी हात पुसत बाहेर आल्या, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, मग एवढं सामान पुसलं ते फुकटच की.

पण ढोल गेला कुठं, ते राहिलंच होतं. आम्ही थापीचा माईक बंद करून नुसता टिपरूचा ऐकला. ढोल आला. टिपरूचा बंद करून नुसता थापीचा ऐकला. ढोल आला. दोन्ही एकदम सुरू केले. ढोल गेला. असं आम्ही इतक्या वेळा केलं, की मामी कंटाळून परत आत गेल्या.

"दोन साडू हायेत हे," मामा म्हणाले. "येकयेकटे भेटले की लई बोलत्यात, येकत्र बसले की दोघं गप."

मग त्यांनी मामींची पिठाची चाळण मागवली, तिच्या दोन्ही बाजूंना कागद ताणून धरला आणि एका बाजूनं बोटानं दाबायला लागले. कागद फाटला, त्यातून काही निष्पन्न झालं नाही. शेवटी घरात नातवाचा छोटा ढोल सापडला. त्याची एक बाजू मी तळहातानं आत ढकलली, तसं दुसऱ्या बाजूचं पान, म्हणजे ताणलेलं कातडं, मामांच्या हाताला लागलं, ते बाहेर फुगलं होतं. मी परत ढकललं, परत फुगलं. आम्ही दोघं बराच वेळ ते करत बसलो. म्हणजे आबांनी टिपरू मारलं की त्या बाजूचं पान आत जात होतं आणि थापीचं बाहेर येत होतं. एक माईक म्हणत होता आत, दुसरा त्याच क्षणी म्हणत होता बाहेर, आणि दोघांची बेरीज केली की शून्य. दोन कानांना वेगवेगळे दिले तर बेरीज होतच नाही, म्हणून माझ्याकडे ढोल होता. मामांच्या एकत्र केलेल्या तारांत आणि मोबाईलच्या एकाच भोंग्यात ती व्हायची. ज्या पोरानं कानात इअरफोन घातला त्याला ढोल, आणि ज्यानं मोबाईल जमिनीवर ठेवला त्याला टिकटिक. हे मी आता सांगतेय तेवढं सरळ तेव्हा कळलं नव्हतं, आणि मधूनमधून मला अजूनही ते निसटतं.

एडिटिंगमध्ये आवाज उलटा करणारं एक बटण असतं. मी थापीचा माईक त्या बटणानं उलटा केला. मामांनी हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि त्यांचा गुडघा हलायला लागला.

"आला," ते म्हणाले. "आला बघ ढोल."

आबांचा मान राहिला, दोन्ही तोंडांपुढं माईक राहिले आणि पोरांचा सराव सुरू झाला. मामांनी खोके परत टेम्पोत चढवले. त्यानंतर दोन माईक दिसले, की ते सगळ्यात आधी दोघांना एकत्र करून एकाच कानानं ऐकायचे, मग एक उलटा करायचे, परत ऐकायचे, आणि जिकडं आवाज भरून येईल तिकडं ठेवायचे. कुठल्याही बिघाडावर त्यांचं निदान आता एकच झालं होतं. मिक्सर खरखरला, एक माईक उलटा आहे. टेम्पो सुरू होईना, एक माईक उलटा आहे. मामींनी भाजीत मीठ जास्त घातलं, तरी तेच.

पुढं काही वर्षांनी त्यांचा तो कान खरंच कमी व्हायला लागला. आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. उजवीकडून बोललं तरी दोनदा सांगावं लागे. मामांना मात्र आता भीती उरली नव्हती. पहिल्यांदा कान शाबूत असताना त्यांनी तो गेला म्हणून धरला होता, आणि आता जात असताना तो शाबूत आहे याबद्दल त्यांची पक्की खात्री होती. मंडपात आवाज बारीक वाटला की ते तारा उलटसुलट करत बसत. लोक ताटकळत थांबत. मग बोलावणं कमी होत गेलं. डॉक्टरकडे न्यायचं या वेळी मामींनी काढलं, तर मामा हसले आणि म्हणाले, मागच्या वेळी असंच घाबरवलं होतंत.

शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी खुणेनं पासलीचं लावायला सांगितलं. मी लॅपटॉप खाटेवर ठेवला, तो हेडफोन त्यांना चढवला आणि स्वतः उजवीकडे बसले. आवाज पूर्ण सोडला होता, वाटीच्या बाहेरसुद्धा ढोल घुमताना मला ऐकू येत होता. आत मामी हातातलं काम थांबवून उभ्या होत्या.

मामांनी थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"ढोल न्हाई गं येत," ते म्हणाले. "येक माईक उलटा हाय बघ."

कुठलाच माईक आता उलटा नव्हता, ते मी तेव्हाच जुळवून ठेवलं होतं. ते बटण मी दाबलं असतं तर होता तो ढोलही गेला असता. मी हो म्हटलं, लॅपटॉपवर वाकले आणि बोट नुसतंच बटणावर नेऊन मागं घेतलं.

"बघा आता," मी मोठ्यानं म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. चादरीखाली त्यांचा गुडघा हलायला लागला, अगदी आबांच्या ठेक्यात.

"हां," ते म्हणाले. "आता आला."

त्यांना तेव्हा खरोखर काय ऐकू आलं, ते मला माहीत नाही. छातीनं ऐकलं असेल, आठवणीनं ऐकलं असेल. मामी म्हणतात, त्यांनी तुझं मन राखलं. मला वाटत होतं, की मी त्यांचं राखलं. मी बटण दाबलं नाही हे त्यांनी पाहिलंही असेल, कारण मी उजवीकडेच बसले होते, आणि उजवीकडचं त्यांचं सहसा काही चुकत नसे.